उत्तरेचा उजेड आणि अकरा महिन्यांचा करार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नाटकांचे पडदे रंगवत, असं मंडळाच्या कार्यवाहांनी मला सांगितलं. पडदे कुठे रंगवत, असं मी विचारलं. शाळेच्याच व्हरांड्यात, म्हणाले. हेडमास्तर किल्ली देऊन गावाला जायचे. चरित्रात अशी माहिती एका ओळीत उरकली जाते. आज मी त्या किल्लीबद्दलच बोलणार आहे. चित्रकलेवरच्या व्याख्यानात शैली, परंपरा, मूर्त-अमूर्त यांची अपेक्षा असते. मी मात्र भाडं, डिपॉझिट, करार आणि चटईक्षेत्र यांविषयी बोलेन. ज्यांना हे रूक्ष वाटेल त्यांनी एवढंच करावं: आपल्या ओळखीच्या एखाद्या तिशीतल्या चित्रकाराला विचारावं की त्याचा दिवसातला किती वेळ रंगांचा विचार करण्यात जातो आणि किती घरमालकाचा.

कवीला शहरात कमी जागा पुरते. लोकलमध्ये उभ्याने कविता सुचते आणि खिशातल्या कागदावर मावते. गायकाला शेजाऱ्यांची सहनशीलता लागते, पण गाणं झालं की ते खोलीत उरत नाही. चित्र आणि शिल्प मात्र वस्तू आहेत. त्यांना जागा लागते, ती करतानाही आणि करून झाल्यावरही. तैलरंग वाळायला आठवडे लागतात, जाड थर असेल तर महिने. पाणी हवं, मोरी हवी, मागे सरून बघता येईल एवढं अंतर हवं. पाच फुटी कॅनव्हास वळवता येईल असा जिना हवा. जुने शिक्षक उत्तरेकडच्या खिडकीचा आग्रह धरत, कारण त्या बाजूचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. आणि न विकलेली चित्रं? ती टाकून देता येत नाहीत. वीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे भिंतीला टेकवलेल्या चित्रांची रांग असते, आणि घर बदलायचं तर आधी ती हलवावी लागते.

आता याच्यासमोर मुंबईतला अकरा महिन्यांचा करार ठेवा. डिपॉझिट भरा, दलालाला एक महिन्याचं भाडं द्या, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणा. एकटा मुलगा किंवा एकटी मुलगी असेल तर आधी त्याचीच चौकशी. टर्पेंटाइनचा वास जिन्यात आला की तक्रार. छिन्नी-हातोडा वाजला की दुसरी तक्रार. अकरावा महिना संपतो तेव्हा हातातलं चित्र बहुधा अर्ध्यावर असतं. राहत्या घरात हे जमत नाही म्हणून एखाद्या औद्योगिक वसाहतीत गाळा घ्यावा, तर भाडं व्यापारी, वीज व्यापारी दराने, आणि रात्री तिथे झोपणं बेकायदा. दोन भाडी भरण्याइतकं ज्याचं उत्पन्न असतं त्याला मी आज गरीब चित्रकार म्हणत नाही.

हे दुखणं जुनंच आहे, चित्रकार नेहमीच हलाखीत जगले, असं कुणी म्हणेल. हलाखी होतीच. पण हलाखीत राहूनही शहरात टिकता येत होतं, हा फरक आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये जे. जे. कलाशाळेत आले आणि एकेचाळीस वर्षं तिथेच राहिले, कारण शिकता शिकता त्यांना तिथेच नोकरी मिळाली. हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत, मुलांच्या खेळण्यांची आणि फर्निचरची डिझाइन्स करत. रझा ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरीला होते. कृष्णाजी हौळाजी आरा यांनी लोकांच्या मोटारी धुतल्या, घरकाम केलं, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, आणि वाळकेश्वरला एका चिमुकल्या खोलीत बसून ती फुलं आणि ती नग्नचित्रं रंगवली. वाळकेश्वरला! आज त्या भागात मोटार धुणारा माणूस राहतो कुठे, हे तुम्हाला माहीत आहे. हुसेन, रझा, आरा ज्यात होते तो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप १९४७ मध्ये स्थापन झाला. त्याच्या जाहीरनाम्याचा, त्यातल्या सूझांच्या बंडखोरीचा, परदेशातून आलेल्या जाणकारांच्या पाठबळाचा आपण पुष्कळ अभ्यास केला. पण हे सगळे तरुण एकमेकांच्या चालण्याच्या अंतरात राहत होते आणि ज्या कामांतून चार पैसे मिळत ती कामंही तिथेच होती, हे कारण कलेच्या इतिहासात जवळजवळ नसतंच.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, जी कलेच्या इतिहासात तर कधीच येत नाही. मुंबईचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली आणि पुढची कित्येक दशकं तिथेच राहिली. गिरगाव, ग्रँट रोड, दादर, लालबाग इथल्या चाळींतल्या खोल्या नुसत्या राहण्यापुरत्या नव्हत्या. पोटमाळ्यावर ब्लॉकमेकर, खाली साइनबोर्डवाला, शेजारी फ्रेमवाला, कोपऱ्यावर छापखाना. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कॅलेंडरं, औषधांच्या जाहिराती, कापडाची डिझाइन्स या सगळ्यांची बाजारपेठ त्या चाळींना टेकून उभी होती. चित्रकार वासुदेव गायतोंडेही गिरगावातल्या चाळीत वाढले.

या कायद्याची आरती ओवाळायला मी उभा नाही. ज्याला महिना दहा-वीस रुपये भाडं मिळतं तो मालक इमारतीला गिलावाही करत नाही, आणि जुन्या इमारती दर पावसाळ्यात कशा कोसळत आल्या आहेत हे आपण पेपरात वाचत आलो. शिवाय जो आत होता तो तरला. जो नंतर आला त्याच्या वाट्याला पागडी आली, आणि पागडी हा गरिबाचा मार्ग कधीच नव्हता. पण हा कायदा कलावंतांसाठी केलेला नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गिरणी कामगार, कारकून, शिंपी यांच्यासाठी जी स्वस्त जागा राहिली, त्यात चित्रकारही मावले. आपण कलेला जे आश्रय म्हणतो त्यातला फार मोठा भाग मुंबईत स्वस्त भाड्याचाच होता.

खरा आश्रय म्हणावा अशी एक जागाही होती. वॉर्डन रोडवर समुद्राला लागून भुलाभाई देसाईंचा बंगला होता. त्यांच्या मागे तिथे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट चालू झालं आणि सोली बाटलीवालांनी ते चालवलं. हुसेन आणि गायतोंडे यांना तिथे नाममात्र भाड्याने काम करायला जागा मिळाली. गच्चीवर अल्काझींची नाटकं होत, रविशंकरांची संगीतशाळा त्याच आवारात होती. चित्रकाराला दुपारी जिन्यात सतारिया भेटायचा आणि संध्याकाळी नट. एखादी अकादमी हे ठरवून घडवू शकत नाही. तिच्या हातात खोल्या देणं असतं. पुढचं खोल्यांतली माणसं करतात. ती वास्तू पुढे पाडली गेली. तिथे आता ‘आकाशगंगा’ नावाची उंच इमारत आहे.

गायतोंडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनला भाड्याच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, त्यांनी पुढची चित्रं केली. २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात सुमारे ४० कोटी रुपयांना गेलं, आणि नंतर तोही आकडा मागे पडला. ही रक्कम ऐकून लोक चित्रकलेत किती पैसा आहे म्हणतात. पैसा आहे, पण तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातात आहे. चाळिशीतल्या चित्रकाराचं भाडं त्यातून भरलं जात नाही.

आजचा जे. जे.तून बाहेर पडलेला मुलगा सांगली, अहिल्यानगर किंवा यवतमाळकडचा असतो. वसतिगृह सुटतं त्या दिवशी त्याची खरी परीक्षा सुरू होते. तो विरार, नालासोपारा, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर असा सरकत जातो. अंतर हा एकच प्रश्न असता तर मी आज इथे आलो नसतो. मुंबईचे लाखो लोक तेवढं अंतर रोज कापतात. पण पाच बाय चारचा कॅनव्हास घेऊन गर्दीच्या वेळी कुठल्या डब्यात चढायचं? मालडब्यात, मासळीच्या पाट्यांशेजारी. टेम्पो करायचा तर चित्राच्या किमतीचा एक हिस्सा तिथेच गेला. उद्घाटनाला थांबलं तर शेवटची गाडी चुकते, आणि गॅलरीवाले, समीक्षक, संग्राहक यांच्याशी ओळख होते ती नेमकी उद्घाटन उरकल्यावरच्या तासाभरात. जहांगीर कलादालनाची तारीख मिळायला वर्षं लागतात, तोपर्यंत तो एखाद्या खासगी शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवत असतो किंवा ॲनिमेशनच्या कंपनीत पार्श्वभूमी रंगवत असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त रात्री नऊला घरी पोचून दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे बायको आणि मूल झोपलेलं आहे, तिथे दिवा लावायचा कुठे, याचं उत्तर त्याच्याजवळ नसतं. मुलींचं तर आणखी अवघड. जे. जे.तल्या वर्गात बरोबरीने बसलेल्या मुली पंचविशीनंतर प्रदर्शनांच्या यादीतून कशा गळत जातात ते पाहिलं, तर त्यात प्रतिभेपेक्षा खोलीचा वाटा किती मोठा आहे हे कळतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला योग्य वाटतो. घरकाम करणारी बाई, रिक्षावाला, नर्स यांना मुंबई परवडत नाही; मग चित्रकाराचं एवढं काय? त्याने जन्माला येताना शहराशी करार केला होता का? नव्हता केला. राहण्याच्या घराबाबत चित्रकाराला या लोकांच्या रांगेत पुढे उभं करावं असं मी म्हणणार नाही. परवडणारी घरं सगळ्यांसाठीच हवीत, आणि ती झाली तर चित्रकाराचं निम्मं काम झालं. माझी मागणी उरलेल्या निम्म्याची आहे: कामाच्या जागेची. रिक्षा उभी करायला शहर थांबा देतं, भाजीवाल्याला मंडईत गाळा देतं. चित्रकाराच्या धंद्याला तसं काहीच नाही.

इतर शहरांनी काय केलं? न्यूयॉर्कला सोहोमध्ये बंद पडलेल्या कारखान्यांच्या मजल्यांवर चित्रकार चोरून राहत होते. १९७१ मध्ये शहराने ते कायदेशीर केलं, पण दाखला असलेल्या कलावंतांपुरतं. पुढे काय झालं ते तुम्ही तर्कानेही सांगाल. चित्रकारांनी वस्ती नांदती केली, मागोमाग गॅलऱ्या आल्या, त्यांच्यामागे महागडी दुकानं, आणि शेवटी भाडं वाढून चित्रकारच बाहेर. राहू दिलं, पण भाड्याला वेसण घातली नाही. त्याच शहरात १९७० मध्ये वेस्टबेथ उभं राहिलं. बेल लॅबोरेटरीजच्या जुन्या इमारती, रिचर्ड मायर वास्तुशिल्पी, पावणेचारशेहून जास्त घरं, सगळी कलावंतांसाठी आणि भाडं आवाक्यातलं. तिथे आलेला माणूस बहुधा जायचं नावच काढत नसे. साहजिक आहे; मीही गेलो नसतो. पण परिणाम असा झाला की प्रतीक्षायादी कित्येक वर्षं बंदच ठेवावी लागली आणि इमारत आपल्या रहिवाशांबरोबर म्हातारी झाली. तरुणांना दारच उरलं नाही.

मला अधिक शहाणपण दिसतं ते लंडनमध्ये. १९७२ मध्ये ॲक्मे नावाची संस्था निघाली. पाडायच्या यादीत असलेली, पण पाडायला अजून अवकाश असलेली ईस्ट एंडमधली घरं तिने महापालिकेकडून काही वर्षांपुरती घेतली आणि चित्रकारांना दिली. दुरुस्ती त्यांनीच करायची. पुढे ती घरं संपत आली तशी संस्थेने कामाच्या जागांवर लक्ष केंद्रित केलं, आणि बिल्डरांना परवानगी मिळते त्या सौद्यातूनच नव्या इमारतींत स्टुडिओ मिळवले. म्हणजे शहर पाडलं जात असताना आणि बांधलं जात असताना, दोन्ही वेळा तिने मधली फट शोधली. आपलं शहर कायम पाडलं आणि बांधलं जात असतं. अशा फटी इथे रोज निर्माण होतात आणि रोज बुजवल्या जातात.

आपल्या देशातलं चोलमंडल हे चित्रकारांचं गाव तर मला फार जवळचं. के. सी. एस. पणिक्कर मद्रासच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विद्यार्थी पदवी घेऊन पोटासाठी चित्र सोडतात हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आणि त्यांच्या तरुण मंडळींनी बाटिकची आणि हस्तकलेची कामं करून विकली, त्या पैशातून मद्रासबाहेर इंजंबाक्कमला समुद्राजवळ दहाएक एकर रेताड जमीन घेतली आणि १९६६ मध्ये झोपड्या बांधून राहायला गेले. कुणाच्या अनुदानाची वाट पाहिली नाही. अर्धा दिवस विकण्याच्या वस्तू, अर्धा दिवस चित्र. आज ती जमीन चेन्नईच्या महागड्या किनाऱ्यावर आहे आणि चित्रकार तिथेच आहेत, कारण जमीन त्यांची स्वतःची आहे. मुंबईत हे आता करता येणार नाही, इतक्या स्वस्त वाळूचा पट्टा ठाणे खाडीपर्यंत उरलेला नाही. पण मालकी किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, या दोनांपैकी काहीतरी हातात असल्याशिवाय कुठलीच योजना टिकत नाही, एवढं चोलमंडल सांगतं.

आणि काहीच केलं नाही तर? २ डिसेंबर २०१६ च्या रात्री कॅलिफोर्नियात ओकलंडला ‘घोस्ट शिप’ नावाच्या गोदामात आग लागली. तिथे कलावंत बेकायदा राहत, काम करत, त्या रात्री संगीताचा कार्यक्रम होता. छत्तीस माणसं मेली. आपल्याकडच्या गाळ्यांच्या पोटमाळ्यांवर थिनरच्या डब्यांशेजारी झोपणारी पोरं मला माहीत आहेत. नावं घेत नाही. घेतली तर त्यांचा गाळा जाईल.

आपल्याकडे शासन काहीच करत नाही असं नाही. म्हाडाच्या सोडतीत कलाकारांसाठी दोन टक्के राखीव असतात. त्या कोट्यातल्या घराचेही हप्ते भरण्याजोगं उत्पन्न लागतं आणि बँक चित्रकाराला दारातूनच परत पाठवते. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार महिन्याला पाच हजार रुपये मानधन देतं, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर. म्हणजे पंचविशी ते पन्नाशी, ज्या काळात चित्रकार घडतो किंवा मोडतो, त्या काळात त्याने आपलं आपण बघावं. आयर्लंडने २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो विनाअट देऊन पाहिले. चांगला प्रयोग. मुंबईत मात्र हातात दिलेला पैसा त्याच महिन्यात घरमालकाकडे जाईल, म्हणून मी आधी जागा मागतो.

जागा देता येते याचा पुरावा लालबाग-परळला दरवर्षी दिसतो. गणपतीच्या आधी मूर्तिकारांचे मंडप रस्त्याकडेला, मैदानाच्या कडेला उभे राहतात. पालिका परवानगी देते. अलीकडे तर पर्यावरणपूरक मूर्ती घडवणाऱ्यांना मोफत जागा आणि मोफत शाडूची माती देते. मूर्तिकार हा दृश्यकलावंतच आहे. म्हणजे शहराला कलावंताला जागा देण्याचं तंत्र माहीत आहे, अर्ज माहीत आहे, वॉर्ड ऑफिसातलं टेबल माहीत आहे. विसर्जनानंतर ते सगळं गुंडाळून ठेवलं जातं, इतकंच.

त्याच पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग वर्षागणिक रिकामे होत आहेत. याचं दुःख वेगळं, त्यावर वेगळं व्याख्यान हवं. पण वरच्या मजल्यावर कुलूप लागलेला वर्ग म्हणजे काय आहे पाहा: उंच छत, मोठ्या खिडक्या, शेजारी मोरी, रुंद जिना, आणि खाली पहारेकरी. तिघा चित्रकारांना तो पाच वर्षांच्या करारावर द्यावा, नाममात्र भाड्याने, आणि आठवड्यातून दोन दिवस त्यांनी त्याच शाळेतल्या मुलांना शिकवावं. पाच वर्षांनी दुसरे तिघे. वेस्टबेथसारखं दार बंद होणार नाही आणि अकरा महिन्यांची धाकधूकही नाही. निवड समितीत मंत्र्यांचा माणूस नसावा, एवढी अट मी लिहून ठेवीन; नाहीतर उजेड कुठल्या दिशेचा आहे याऐवजी अर्जदार कुठल्या पक्षाचा आहे हे पाहिलं जाईल.

आणि बिल्डर? मुंबईत २००८ पासून सार्वजनिक वाहनतळ बांधून दिला तर जादा चटईक्षेत्र मिळतं. उभी राहिलेली मोटार या शहराला इतकी मोलाची वाटली की तिच्यासाठी मजले वाढले. मोटार धुणाऱ्या आराला मात्र त्या हिशेबात रकाना नाही. वाहनतळ बांधूच नका असं मी म्हणत नाही. पुनर्विकासाच्या दर मोठ्या प्रकल्पात दोन-चार गाळे पालिकेच्या ताब्यात, कायमच्या कमी भाड्याने, हातांनी काम करणाऱ्यांसाठी ठेवले तर इमारत कोसळणार नाही. चित्रकार, मूर्तिकार, शिंपी, बाइंडर, कुणीही.

हे सगळं शासनावर ढकलून घरी जाणं सोपं आहे. म्हणून जाता जाता मंडळालाच एक विनंती करतो, आणि ती छापील मजकुरातही तशीच ठेवावी. हे सभागृह संध्याकाळी साडेसहाला उघडतं. सकाळी आठपासून तोपर्यंत ते बंद असतं. मी आत येताना मुद्दाम पाहिलं, मंचाच्या डावीकडच्या तिन्ही खिडक्या उत्तरेला आहेत. मंडळाच्या कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत ठराव करून हे सभागृह दिवसा दोघा तरुण चित्रकारांना द्यावं, निदान तीन वर्षांसाठी, आणि त्यांची चित्रं ठेवायला मागची अडगळीची खोली मोकळी करावी. आजच्या व्याख्यानाचं मानधन मी त्या खोलीच्या साफसफाईसाठी कार्यवाहांकडे परत देत आहे.